झांज किती इंची घ्यावी?

एप्रिल महिना जवळ आला की नांदगावच्या वस्त्यावस्त्यांतून वर्गणीची पावतीपुस्तके बाहेर निघतात. चौदा एप्रिलचे नियोजन सुरू होते, गायन पार्टीचा सराव रंगू लागतो आणि त्याच वेळी तरुण मंडळींकडून दरवर्षी एक मागणी पुढे येते : यंदा ड्रमसेटला नव्या झांजा घ्यायच्या. वादकांच्या भाषेत 'सिंबल'. किती इंची, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : "मोठ्यात मोठी!"

मागणी योग्य आहे. उत्तर मात्र तपासून पाहण्यासारखे आहे. आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. वादक नाही. परंतु हिशेबाची वही आमच्याकडे असल्याने कोणत्या वस्तूला किती पैसे गेले आणि त्यातून काय साधले, हे पाहणे आमच्या वाट्याला आले आहे. वर्गणीचा पैसा रेल्वेतील गँगमनचा आहे, रोजंदारीवर कांदा निवडणाऱ्या बाईचा आहे, आठवड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या म्हाताऱ्याचा आहे. त्या पैशातून घेतलेली वस्तू दिसायला भारी आणि कामाला अपुरी निघाली, तर तो हिशेब कोणत्याही वहीत बसत नाही. म्हणून वादकांना विचारून, दुकानांतून हिंडून आणि कार्यक्रमांत मागच्या रांगेत बसून जे समजले ते येथे मांडत आहोत.

जलशापासून ड्रमसेटपर्यंत

आपला नाशिक जिल्हा हा गाण्यातून विचार सांगणाऱ्यांचा जिल्हा आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्या जलशांनी गावोगाव प्रबोधन केले. लोककवी वामनदादा कर्डक हे सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १५ मे २००४ रोजी ते गेले. तोपर्यंत त्यांची गाणी घराघरात पोहोचलेली होती. त्या काळी जलशाचे साहित्य किती? डफ, ढोलकी, तुणतुणे, टाळ किंवा मंजिरी. ध्वनिक्षेपक असला तर असला, नसला तर नाही. तरीही शेवटचा माणूस शब्द न् शब्द ऐकून घरी जाई आणि दुसऱ्या दिवशी कामावर तेच गाणे गुणगुणे.

ड्रमसेट आपल्याकडे आला तो मुंबईच्या हॉटेलांतील बँडमधून आणि चित्रपटसंगीतातून. गोव्याचे आणि पारशी समाजातील वादक त्यात अग्रेसर होते. कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी ही नावे हिंदी चित्रपटसंगीताच्या तालवाद्यांच्या इतिहासात मानाने घेतली जातात. पुढे ऑर्केस्ट्रा आले, बेंजो पार्ट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ड्रमसेट आपल्या गायन पार्टीच्या व्यासपीठावर आला. त्याचे स्वागतच आहे. आपल्या पोराने किंवा पोरीने जगातले कोणतेही वाद्य वाजवावे. ते कोणाच्या बापजाद्यांची मिरास नाही. प्रश्न आहे तो एवढाच, की वाद्य गाण्याच्या सेवेला लावायचे की गाणे वाद्याच्या.

आकार वाढला की काय होते?

ड्रमसेटवर साधारणपणे तीन प्रकारच्या झांजा असतात. पहिली 'हायहॅट'. एका दांडीवर एकावर एक बसवलेल्या दोन थाळ्या, खाली पायाचे पॅडल. पाय दाबला की मिटतात, सोडला की उघडतात. ही बहुधा १४ इंची असते, क्वचित १३. दुसरी 'क्रॅश'. गाण्याचे कडवे संपून धृपद आले की जिच्यावर एकच फटका पडतो ती. ही १६ किंवा १८ इंची. तिसरी 'राइड'. जिच्यावर काठीच्या टोकाने सलग ठेका धरला जातो ती. ही २० इंची, कधी २२. याखेरीज ८ ते १२ इंचांची लहानगी 'स्प्लॅश' आणि उलट्या कडेची 'चायना' असे प्रकार आहेत. परंतु ते चटणी-लोणचे झाले, जेवण नव्हे.

आकाराचे तत्त्व स्वयंपाकघरात उभे राहिले तरी समजते. वाटी खाली पडली तर बारीक 'टिंग' होते आणि लगेच थांबते. परात पडली तर खोल, दांडगा आवाज होतो आणि ती बराच वेळ घुमत राहते. झांजेचेही तसेच. व्यास वाढला की आवाज खालच्या पट्टीत जातो, मोठा होतो आणि लांबतो. लहान थाळी पटकन बोलते आणि पटकन गप्प बसते.

मात्र केवळ इंच पाहून भागत नाही. एकाच मापाच्या दोन थाळ्यांत पातळ आणि जाड असा फरक असतो. पातळ थाळी हलक्या फटक्याला उमलते, तिचा सूर थोडा खाली असतो आणि ती लवकर विरते. जाड थाळीला जोर लावावा लागतो, तिचा सूर उंच, आवाज टोचणारा आणि लांबणारा. मधला फुगवटा मोठा असेल तर घंटेसारखा नाद अधिक येतो. म्हणूनच १८ इंची पातळ थाळी कधी कधी १६ इंची जाड थाळीपेक्षा सौम्य वाटते. दुकानात आधी हातात तोलून पाहावी ती यासाठी.

आता आमच्या पेशाचा थोडा हिशेब. जाडी तीच ठेवली तर थाळीतील धातू व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सोळाचा वर्ग २५६, विसाचा ४००. म्हणजे व्यास पावपट वाढला, पण धातू दीडपटीहून अधिक लागला. चौदाचा वर्ग १९६. हायहॅटच्या दोन थाळ्या मिळून ३९२. म्हणजे १४ इंची एक जोडी आणि २० इंची एक थाळी यांचा धातू जवळजवळ सारखा. २२ इंचीचा वर्ग ४८४. "दोनच तर इंच वाढवले" असे म्हणताना खिशातून धातू किती गेला, हे या आकड्यांवरून कळते. स्टँडही मग अधिक मजबूत लागतो, पेटीही मोठी लागते आणि रेल्वेच्या डब्यातून सामान नेताना खांदाही अधिक दुखतो.

'समते'तला 'स' कुठे गेला?

आमच्या लेखाचा गाभा येथे आहे. मागे एका कार्यक्रमात गाणे संपल्यावर शेजारी बसलेल्या आजीबाई आम्हाला म्हणाल्या, "वाजवलं झ्याक, पण तो बाबा काय म्हणत व्हता ते काही समजलं नाही." गायकाचा आवाज कमी नव्हता. ध्वनिक्षेपकही चांगला होता. मग शब्द गेले कुठे?

माणसाच्या बोलण्यात दोन प्रकारचे आवाज असतात. आ, ई, ओ हे स्वर भरीव असतात, त्यांच्यात जोर असतो. स, श, च, ट, थ यांसारखी व्यंजने बारीक, फुसफुसणारी आणि क्षणभराची असतात. त्यांचा आवाज वरच्या पट्टीत असतो. परंतु शब्दाची ओळख पटते ती मुख्यतः या व्यंजनांवरून. झांजेच्या आवाजाचा मोठा भाग नेमका याच वरच्या पट्टीत पसरलेला असतो. ढोल आणि बेस ड्रम खाली घुमतात, त्यामुळे ते व्यंजनांना फारसे झाकत नाहीत. झांज मात्र त्यांच्यावर चादर पांघरते. गायकाचा 'आ' ऐकू येतो, सूर ऐकू येतो, पण शब्द पुसला जातो.

आता आपल्या गाण्यांतील महत्त्वाचे शब्द आठवा. शिक्षण, संघटन, संघर्ष, समता, स्वाभिमान, संविधान. साऱ्यांच्या तोंडाशी 'स' किंवा 'श'! जे शब्द लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी कवीने रात्री जागवल्या, तेच शब्द लांबत राहणाऱ्या मोठ्या थाळीखाली सर्वांत आधी गाडले जातात. त्यातही वयोमानाने कान अधू झाला की सर्वप्रथम वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात. म्हणजे मागच्या रांगेतील म्हातारी माणसे, ज्यांनी हयातभर चळवळीत वर्गणी दिली, त्यांच्याच वाट्याला नुसता झणझणाट येतो.

आणखी एक. आपल्या पार्टीत ढोलकी असते. ढोलकीची शाईची बाजूही उंच सुरात, टणक बोलते. मंजिरी, खंजिरी असली तर तीही त्याच घरात राहायला आलेली. एका खोलीत चौघे एकदम बोलू लागले तर कोणाचेच ऐकू येत नाही, तसे हे आहे. कडवे चालू असताना हायहॅट मिटलेली ठेवावी, तिच्यावर हलका ठेका असावा आणि क्रॅशचा फटका शब्द संपल्यावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत पडावा. हे भान असेल तर १४ आणि १६ इंचांत पार्टी शोभून दिसते. ते नसेल तर कोणतेही माप पुरे पडणार नाही.

कोणी कोणत्या घ्याव्यात?

कार्यक्रम कोठे होतो यावर माप ठरवावे.

विहार, समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग अशा बंदिस्त जागेत, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली, आवाज भिंतींवरून उलटून येतो. तेथे १३ किंवा १४ इंची हायहॅट आणि १६ इंची पातळ क्रॅश पुरेशी आहे. राइडऐवजी १८ इंची 'क्रॅश-राइड' घेतली तर एकाच थाळीवर फटका आणि ठेका ही दोन्ही कामे होतात.

चौकातल्या किंवा मैदानातल्या व्यासपीठासाठी १४ इंची हायहॅट, १६ इंची क्रॅश आणि २० इंची मध्यम जाडीची राइड हा जगभर रुळलेला संच आहे. दुसरी क्रॅश घ्यायचीच झाली तर १८ इंची घ्यावी. दोहोंत दोन इंचांचे अंतर असले की आवाज वेगळे ओळखू येतात. १६ आणि १७ एकत्र घेण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांच्याकडे माईक आहेत त्यांनी थाळीचा आवाज वाढवण्यासाठी मोठे माप घेण्याची गरजच नाही. ते काम माईक करतो.

मिरवणुकीत टेम्पोवर वाजवायचे असेल तर धूळ, ऊन, धक्के आणि काठीचा मार हे सारे सोसणारी, मध्यम जाडीची, कमी किमतीची १६ इंची थाळी बरी. तेथे महागडी वस्तू नेऊ नये.

ज्या पार्टीकडे ऑक्टोपॅड आहे, तिच्याकडे झांजेचे आवाज यंत्रातच आहेत. अशांनी केवळ एक चांगली १४ इंची हायहॅट जोडावी. पायाने उघडमीट करण्यातली मजा पॅडवर येत नाही.

आणि पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा ठेवावा : प्रथम हायहॅट, कारण सबंध गाणे तिच्यावर चालते. मग राइड किंवा क्रॅश-राइड. शेवटी जादा क्रॅश. आपली मंडळे नेमके उलट करतात. उंच स्टँडवर चमकणारी मोठी क्रॅश आधी येते, कारण ती छायाचित्रात दिसते!

येथे एक गैरसमजही दूर करू. मुलगी ड्रमवर बसली तर तिला लहान थाळ्या द्याव्यात, असे काही जण म्हणतात. माप हे गाण्यावर आणि जागेवर ठरते, वाजवणाऱ्याच्या उंचीवर नव्हे. तिच्यासाठी स्टँड आणि बैठक खाली-वर करून द्या, एवढेच पुरे.

पितळ की कासे?

मापाइतकाच धातूही महत्त्वाचा. स्वस्त ड्रमसेटबरोबर येणाऱ्या थाळ्या बहुधा पितळेच्या, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या असतात. त्या डब्याच्या झाकणासारख्या वाजतात. त्यावरची पायरी म्हणजे ९२ टक्के तांबे आणि ८ टक्के कथील असलेला पत्रा कापून केलेल्या थाळ्या. त्यांचा आवाज स्वच्छ, धारदार. शिकाऊ मंडळींना त्या पुष्कळ वर्षे पुरतात. सर्वांत वरची प्रत ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथील अशा मिश्रणाची. ही प्रत्येक थाळी स्वतंत्र ओतून, तापवून, लाटून, हातोडीने ठोकून आणि चरकावर तासून तयार होते.

हे शेवटचे मिश्रण आपल्याला परके नाही. आपल्या घरातली काशाची वाटी, जिने आजी तळपायाला तेल चोळत असे, ती याच जातीची. कासे म्हणजे साधारण चार हिस्से तांबे आणि एक हिस्सा कथील. कासे सुरेल असते, पण ठिसूळही असते. तांबडे लाल तापवून पाण्यात विझवले की ते ठोकण्याजोगे होते, ही कारागिरांची जुनी विद्या आहे. तुर्कस्तानात, आजच्या इस्तंबूल शहरात, अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराच्या घराण्याने १६२३ पासून झांजा बनवल्या. 'झिल्जियान' या घराण्याच्या नावाचा अर्थच मुळी 'झांजवाल्याचा पुत्र' असा आहे. पुढे हे घराणे अमेरिकेत गेले आणि आजही त्याच नावाने झांजा विकते. त्याच घराण्यातील एका भावाने १९८१ मध्ये कॅनडात 'सेबियन' हा वेगळा कारखाना काढला. हातातल्या कसबाने ओळखले जाणारे घराणे त्या कसबाच्या नावानेच जगभर ताठ मानेने वावरते. ठोकणारा हात आणि वाजवणारा हात यांना आपल्या देशात जी वागणूक मिळाली, ती आठवली म्हणजे ही गोष्ट मनात राहते.

आपल्या देशात मेरठ शहरातील जली कोठी हा भाग बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील माल देशभरच्या बँडवाल्यांकडे जातो. नामांकित परदेशी शिक्का परवडत नसेल तर लाजण्याचे कारण नाही. कान लावून निवडलेली साधी थाळी, न ऐकता घेतलेल्या महागड्या थाळीपेक्षा कधीही बरी.

दुकानात जाताना

खरेदीला एकटा खजिनदार जाऊ नये, एकटा ड्रमवालाही जाऊ नये. ड्रमवाला, ढोलकीवाला आणि गायक असे तिघे जावेत. आपल्या काठ्या सोबत न्याव्यात. थाळी हातात धरून नव्हे, स्टँडवर लावून वाजवावी. गायकाने शेजारी उभे राहून चार ओळी म्हणाव्यात आणि ढोलकीवाल्याने वीस पावले लांब जाऊन ऐकावे. वाजवणाऱ्याच्या कानाला जी थाळी गोड वाटते, ती लांबून वेगळीच ऐकू येते.

जुनी थाळी घेताना कडेवरून नख फिरवून पाहावे. चीर असेल तर नख अडकते. मधले भोक गोल आहे की लांबट झाले आहे, ते पाहावे. वाजवल्यावर फाटक्या कर्ण्यासारखा खरखराट आला तर नमस्कार करून परत फिरावे. चिरलेल्या थाळीला वेल्डिंग करून देतो, असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. त्या आचेने धातूचा कस जातो.

घरी आणल्यावर स्टँडची चकती फार आवळू नये, थाळी डोलली पाहिजे. खाली-वर लोकरीच्या चकत्या आणि मध्ये प्लास्टिकची नळी असावी, म्हणजे भोक झिजत नाही. फटका कडेवर सरळ आदळू नये, निसटता पडावा. कार्यक्रम संपला की कोरड्या फडक्याने पुसावे. चिंच, राख, विटकरीची भुकटी हे भांड्यांसाठी ठीक आहे. झांजेवर त्याचा प्रयोग करू नये, तिच्यावरचा थर निघून जातो.

घरच्यांसाठी दोन शब्द

आईवडिलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कानाची मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो जेमतेम पाव तास उरतो. लहान खोलीतला ड्रमसेट शंभरी सहज ओलांडतो. गेलेले ऐकणे परत येत नाही. मुलांना शंभर वेळा रागावण्यापेक्षा औषधांच्या दुकानातून कानात घालायचे बोळे आणून द्यावेत आणि सरावाच्या वेळी थाळ्यांवर जुना टॉवेल टाकायला सांगावे. शेजाऱ्याच्या घरी दहावीचे मूल अभ्यासाला बसलेले असते, याचाही विचार व्हावा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात. रात्र म्हणजे दहा ते सहा. शिक्षणाचा संदेश गाताना कोणाच्या शिक्षणात आपलाच अडथळा होऊ नये.

एक सोपी परीक्षा

शेवटी कोणत्याही मंडळाला बिनपैशात करता येईल अशी एक परीक्षा सुचवतो. सरावाच्या वेळी शेवटच्या रांगेच्या अंतरावर एका साठीच्या माणसाला आणि एका शाळकरी मुलीला कागद-पेन्सिल देऊन बसवा. गायकाने अगदी नवे, कोणी न ऐकलेले गाणे म्हणावे. ऐकलेले गाणे नको, कारण पाठ असलेले शब्द मनच भरून काढते. दोघांनी कानावर पडेल ते लिहावे. मग झांज बदलून किंवा नुसती हायहॅट ठेवून दुसरे नवे गाणे म्हणावे. दोन्ही कागद समोर ठेवा आणि शब्द मोजा. ज्या थाळीखाली अधिक शब्द कागदावर उतरले, ती तुमच्या मंडळाची थाळी. मग ती १४ इंची असो वा २०, पितळेची असो वा काशाची.

या परीक्षेचा निकाल मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवावा, खरेदीची पावती वहीला लावावी आणि वर्गणी देणाऱ्या बाईला बोलावून, ही थाळी का घेतली, हे तिला समजावून सांगावे. तिने दिलेल्या दहा रुपयांतून गाण्यातला एक तरी शब्द तिच्या कानापर्यंत नीट पोहोचला पाहिजे, एवढा तिचा हक्क आहे.